उपवासाने कान उघडत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मध्यंतरी पेशींच्या स्वच्छतेवर अर्ध्या पानाचा लेख आला होता. जपानी शास्त्रज्ञाला उपवासाचे नोबेल मिळाले, उपवास केला की पेशी स्वतःतला कचरा स्वतःच खाऊन टाकतात, आणि त्यामुळे सांधे, साखर, विसरभोळेपणा यांच्याबरोबर गेलेली श्रवणशक्तीही परत येते, असे त्यात छातीठोकपणे लिहिले होते. माझ्या थोरल्या भावाने तो लेख कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, कानाचे मशीन डबीत घातले आणि रात्रीचे जेवण बंद केले. तो मधुमेहाच्या गोळ्या घेतो. एका पहाटे दरदरून घाम फुटून तो न्हाणीघरापाशी खाली बसला. वहिनीने साखरपाणी पाजले म्हणून निभावले. दोष लेखाचा की दादाच्या हट्टाचा, या वादात मी पडत नाही. पण मी इचलकरंजीत जन्म काढलेली, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. त्या लेखातले निम्मे खरे आहे आणि त्यामुळेच उरलेले निम्मे लोकांच्या गळी सहज उतरते, म्हणून हे पत्र.

आधी खरे काय ते सांगते. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःतलाच कचरा पचवणे, कशी चालते हे उलगडल्याबद्दल, आणि ते काम झाले यीस्टवर. ज्या यीस्टच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या कचरा पचवण्याच्या पोकळीत, पचवणारे विकर (एन्झाइम) उरलेले नाहीत, अशी यीस्ट त्यांनी घेतली आणि तिची उपासमार केली. काही तासांतच रिक्तिकेत न पचलेल्या बारीक बारीक पिशव्या साचलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागल्या. हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी या कामाला लागणारी १५ जनुके त्यांनी दाखवून दिली. ऑटोफॅजी हे नाव त्याच्याही कितीतरी आधीचे. १९६३ साली ते बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द द्यूव यांनी दिले, आणि लयकारिका, म्हणजे पेशीतल्या पाचक रसाच्या पिशव्या, शोधणारेही तेच. उपासमार आली ती या यीस्टच्या प्रयोगातून. तिथून ती एकादशीपर्यंत कशी पोचली हे व्हॉट्सॲपलाच माहीत.

पेशीतली ऊर्जा बनवणारी एखादी तंतुकणिका बिघडली किंवा वाकडीतिकडी प्रथिने गोळा झाली, की त्यांच्याभोवती दुहेरी पडद्याची पिशवी तयार होते. ती पिशवी लयकारिकेला जाऊन मिळते, आतला माल विरघळतो आणि सुटे भाग पेशीला पुन्हा वापरायला मिळतात. उपवास असो वा नसो, हे काम आपल्या शरीरात सतत थोडेथोडे चालूच असते. आम्ही वर्गात लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणून शिकवत असू, परीक्षेतल्या एका गुणाला तेवढे पुरे होई. पेशी मरते तेव्हाचे त्यांचे काम मुलांना पाठ असे. पेशी जगावी म्हणून त्या रोज काय करतात, ते पुस्तकात एका ओळीत आटोपलेले असे.

आता कानाकडे वळते. आतल्या कानात सुमारे अडीच वेटोळ्यांची कोक्लिया असते, सरळ केली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्या आत ओळीने केसपेशी बसलेल्या असतात, एका कानात जन्मतः सुमारे १५ ते १६ हजार. त्यांतल्या साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या ओळीतल्या, त्या ऐकलेले मज्जातंतूकडे पोचवतात. बाकीच्या बाहेरच्या तीन ओळींतल्या, त्या बारीक आवाज वाढवून देतात, आणि मारा होतो तो आधी त्यांच्यावर. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक आहेत, हे लक्षात घेतले की कानाची शिल्लक किती तुटपुंजी आहे ते कळते.

आणि ही शिल्लक वाढत नाही. कोंबडीच्या पिल्लाच्या केसपेशी आवाजाने मेल्या तर पुन्हा उगवतात, हे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसले. माणसाला ते भाग्य नाही. कातडीची किंवा आतड्याच्या अस्तराची पेशी खराब झाली तर ती गळून जाते आणि जागी नवी येते. आईच्या पोटात तयार झालेली केसपेशी मात्र सत्तराव्या वर्षीही तीच. ती विभागत नाही, त्यामुळे साचलेला बिघाड दोन पेशींत वाटून कमी करण्याचाही मार्ग तिच्यापुढे नाही. जे काही निस्तरायचे ते आतल्या आत. म्हणून ऑटोफॅजी कानाच्या दृष्टीने फार मोलाची, आणि इथपर्यंत मी तुमच्या लेखकाच्या बाजूने आहे.

याचा सरळ पुरावा टोकियोतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दिला. त्यांनी उंदरांच्या फक्त केसपेशींतून एटीजी-५ नावाचे जनुक काढून टाकले. हे जनुक नसले की ऑटोफॅजीची पिशवीच नीट बनत नाही. ते उंदीर जन्मापासून बहिरे निघाले. जन्मानंतर पाचव्या दिवशी त्यांच्या केसपेशी बाहेरून धड दिसत होत्या, पण आत टाकाऊ प्रथिने साचू लागली होती. दोन आठवड्यांत पेशी झडायला लागल्या. या उंदरांना कोणी भोंगा ऐकवला नव्हता. नुसती रोजची सफाई बंद पडली आणि कान गेले.

आवाजाच्या बाबतीतला प्रयोग मला याहून महत्त्वाचा वाटतो, आणि तुमच्या लेखात नेमका त्याचाच पत्ता नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या सू-हुआ शा यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांना तीन पातळ्यांचा गोंगाट ऐकवला. पहिल्या पातळीने कान तात्पुरते बधिर होऊन सावरतात, दुसरीने कायमचे जातात, तिसरीने फार वाईट रीतीने जातात. मोठ्या आवाजात केसपेशींना भरमसाट ऊर्जा लागते, तंतुकणिकांवर ताण येतो आणि प्राणवायूपासून बनणारी दाहक रसायने पेशीत पसरतात. ही रसायने आवाजाच्या प्रमाणात पायरीपायरीने वाढत गेली. ऑटोफॅजी मात्र तशी वाढली नाही. तात्पुरत्या बधिरपणाच्या पातळीला तिने चांगलीच उसळी घेतली, आणि त्याच्या वरच्या दोन्ही पातळ्यांना ती जेमतेम हलली, किंवा हललीच नाही. म्हणजे गरज सगळ्यात जास्त होती तिथेच सफाई थिटी पडली. औषधाने ऑटोफॅजी वाढवली तेव्हा केसपेशी कमी मेल्या. ती दाबून टाकली तेव्हा जो बधिरपणा एरवी सावरला असता तो कायमचा झाला.

दादा माग खात्यात जॉबर, म्हणजे अडलेले माग दुरुस्त करणारा, होता, म्हणून त्याला हे मी त्याच्याच भाषेत सांगितले. एका जॉबरकडे ठरावीक माग असतात. पाळीत दोन-चार अडले तर तो पाना घेऊन पळतो, नीट करतो, कापड निघत राहते. सगळेच एकदम अडायला लागले तर तोच जॉबर, तोच पाना, पण खाते बंद. दादा म्हणाला, “मग जॉबर वाढवा की!” उत्तर बिनतोड होते. पण कानात जॉबर वाढवून देणारी सोय अजून कुठल्याही दवाखान्यात नाही, त्याबद्दल पुढे लिहितेच.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये क्रिस्तीन पेती यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीची आणखी एक बाजू दाखवली. पेजवाकिन नावाचे एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकातल्या दोषामुळे येणारे बहिरेपण इराणमधल्या कुटुंबांत २००६ साली सापडले. मोठा आवाज झाला की केसपेशीतले पेरॉक्सिसोम नावाचे घटक बिघडतात. हे प्रथिन त्या बिघडलेल्यांकडे ऑटोफॅजीची यंत्रणा बोलावून आणते, त्यांचा निकाल लागतो आणि मग नवे तयार होतात. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या उंदरांत पेजवाकिन नाही त्यांचे कान इतरांना सहज सोसवेल अशा आवाजानेही खराब होत गेले. एकाच खात्यात, एकाच पाळीत उभ्या राहिलेल्या दोघांपैकी एकाचे कान चाळिशीत जातात आणि दुसऱ्याचे साठीपर्यंत टिकतात, हे आम्ही गल्लीत पाहत आलो. लोक त्याला नशीब म्हणतात. सगळ्यांत हाच दोष असतो असे मी म्हणत नाही, तो दुर्मिळ आहे. पण सफाईची ताकद माणसागणिक वेगळी असू शकते, आणि ती किती आहे हे कुणाच्या कपाळावर लिहिलेले नसते. “आमच्या आबांनी जन्मभर माग चालवला, त्यांना काही झालं नाही,” या वाक्यावर त्यामुळे माझा विश्वास नाही.

इचलकरंजीचे वेगळे सांगायला नको. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि गाव वाढले ते त्या खडखडाटावरच. धोट्याच्या साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, हे देशातल्या अनेक पाहण्यांत नोंदलेले आहे. तिथे बोलणे चालते ते हातवाऱ्यांनी आणि ओठ पाहून. दादा घरीही समोरच्याच्या तोंडाकडे पाहूनच ऐकतो. फोनवर तो ‘साठ’ला ‘आठ’ ऐकतो, कारण आवाजाने आधी जातात ते उंच पट्टीचे सूर, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ त्याच पट्टीत राहतात. वहिनी काय म्हणाली ते त्याला कळत नाही, पण ती काहीतरी म्हणाली हे कळते. मग भांडण ठरलेले: “मला सगळं ऐकू येतंय, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलताय.” त्याच्या श्रवणचाचणीचा आलेख ४००० हर्ट्‌झपाशी खड्ड्यात उतरतो. गोंगाटाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण आहे. हा खड्डा पडायला लागला तेव्हा तो तरुण होता आणि त्याला काहीच जाणवत नव्हते. त्या वयात एकदा चाचणी झाली असती तर निदान उरलेले ऐकणे तरी राखता आले असते, असे आता म्हणायला सोपे आहे. तेव्हा इथे चाचणी करायला सांगणारे कोण होते?

डेसिबलचे गणित लोकांना फसवते. ८५ चे ८८ झाले तर आकडा किरकोळ वाढला असे वाटते, प्रत्यक्षात आवाजाची ऊर्जा दुप्पट झालेली असते. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा, नायॉशचा, हिशेब असा: ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० ची मर्यादा आहे, ती मुळातच सैल आहे. आवाजाने येणारे बहिरेपण कामगार कायद्यांत रोग म्हणून नोंदलेले आहे, विम्यासाठीही व्यवसायजन्य आजार म्हणून त्याची नोंद आहे. कागद भक्कम आहेत. पण चार-आठ मागांची घरगुती खाती कामगारसंख्येच्या मर्यादेखाली राहतात आणि कागद तिथपर्यंत पोचत नाही. ज्याच्या घरालाच खाते लागून आहे, त्याच्या पोराबाळांचे कान तर कुठल्याच कायद्यात बसत नाहीत.

केसपेशींच्या सफाईच्या नजरेने पाहिले तर घर आणि खाते एका भिंतीने जोडलेले असणे हेच सगळ्यात वाईट. पाळी संपल्यावर तरी कान गप्प बसायला हवेत. तात्पुरता बधिरपणा सावरायला काही तास लागतात, कधी दिवस लागतात. त्या वेळात दुसऱ्या पाळीचे माग भिंतीपलीकडे चालूच असतील, किंवा माणूस घरी येऊन आवाज मोठा करून टीव्ही लावत असेल, तर दुरुस्तीला उसंतच मिळत नाही.

भावाचा नातू पुण्यात शिकतो आणि ढोल-ताशा पथकात वाजवतो. सरावाहून आला की कानात शिट्टी वाजते, सकाळी उठला की सगळे पूर्ववत. तो मला म्हणतो, “आत्याआजी, बघ, झाली की नाही सफाई?” त्याला मी बॉस्टनच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांचे २००९ चे काम वाचायला लावले. त्यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ण सावरली, केसपेशी सगळ्या शाबूत राहिल्या. पण केसपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे सांधे काही भागांत निम्म्यापर्यंत नाहीसे झाले होते, आणि ते परत आले नाहीत. शांत खोलीतली चाचणी अशा कानाला उत्तीर्ण करते. गर्दीत बोलणे समजेनासे होते तेव्हा हे उघडे पडते. तेव्हा सकाळी कान मोकळे झाले म्हणजे हिशेब चुकता झाला, असे धरून चालू नये. पोरगा आता फोमचे बोळे घालून वाजवतो. पथकात आधी त्याची थट्टा झाली, आता आणखी काही जण घालतात असे तो सांगतो. पोरांना ढोल सोडायला सांगून कोणी ऐकणार नाही, आणि मीही सांगणार नाही, आमच्या दारातून मिरवणूक जाते तेव्हा मलाही गच्चीत उभे राहावेसे वाटते. डीजेच्या भिंतीपुढे मात्र बोळेही अपुरे पडतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० पासून आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. हे आकडे आणि त्या भिंती यांच्यामधले अंतर मोजायला मीटरचीही गरज नाही.

आता उपवास. उपासमारीने ऑटोफॅजी वाढते हे खरे, पण कुठल्या अवयवात? नोबोरू मिझुशिमा यांनी २००४ मध्ये ऑटोफॅजीच्या पिशव्या चमकताना दिसतील असे उंदीर तयार करून त्यांना उपाशी ठेवले. यकृतात, स्नायूंत चमक वाढली, मेंदूत म्हणावी तशी दिसलीच नाही. म्हणजे भुकेला सगळ्या अवयवांचा प्रतिसाद सारखा नाही. हेच मिझुशिमा टोकियोच्या कानाच्या प्रयोगातही होते. विस्कॉन्सिन विद्यापीठात शिनिची सोमेया आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की महिनोन्महिने चतुर्थांश कमी खाणाऱ्या उंदरांच्या एका वाणात म्हातारपणचे बहिरेपण टळते, आणि त्यासाठी तंतुकणिकांतले सर्ट-३ नावाचे प्रथिन लागते. हे काम उत्तम आहे. पण तिथलीच रीसस माकडे, वर्षानुवर्षे कमी आहारावर ठेवलेली, तपासली तेव्हा त्यांच्या कानांत असा ठळक फायदा आढळला नाही. माणूस उंदरापेक्षा माकडाच्या जवळचा आहे. शिवाय हे सगळे कान टिकवण्याबद्दल आहे. मेलेली केसपेशी सफाईने जिवंत झाल्याचे यांतल्या एकाही प्रयोगात नाही. पेशीच उरली नाही तर साफ कोण कोणाला करणार? तुमच्या लेखातले ‘श्रवणशक्ती परत येते’ हे वाक्य म्हणूनच निखालस चूक आहे.

आणि आपला उपवास तो कसला! साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्या लोकांनी कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी नोंदवून ठेवले आहे. एकादशी मीही करते, ती विठोबासाठी, कोक्लियासाठी नाही.

औषधांबद्दलही सावध करणे भाग आहे, कारण ‘ऑटोफॅजी वाढवणारी’ कॅप्सूल म्हणून जाहिराती येऊ लागल्या आहेत. शा यांच्या प्रयोगात वापरलेले औषध रॅपामायसिन. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूतून ते मिळाले, आणि ते पुढे आणण्याचे मोठे श्रेय मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञाचे, सुरेंद्रनाथ सेहगल यांचे. अमेरिकेत १९९९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती बदललेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून. म्हणजे ते रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध आहे. उंदराच्या कानाला उपयोग झाला म्हणून सत्तरीच्या माणसाने ते घ्यावे, हे कोणताही शहाणा डॉक्टर सांगणार नाही. ऑटोफॅजी वाढवणे सर्वत्र चांगलेच असते असेही नाही. कर्करोगाच्या पेशीसुद्धा औषधाच्या माऱ्यातून तग धरायला तिचाच आधार घेतात. चीनमध्ये २०१७ साली केसपेशींवर झालेल्या प्रयोगांत निओमायसिनच्या विषापासून ऑटोफॅजीने बचाव केला. निओमायसिन हे स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातले. पूर्वी क्षयासाठी या कुळातली इंजेक्शने घेऊन कानात गुणगुण आणि चक्कर मागे लागलेली माणसे आमच्या भागात प्रत्येक गल्लीत असत. पण तो प्रयोगही उंदराच्या केसपेशींवरचा आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचा. आजमितीला ऑटोफॅजी वाढवून माणसाचे ऐकणे वाचवणारे एकही मान्यताप्राप्त औषध बाजारात नाही.

तेव्हा उरते ते नीरस काम. आवाज सफाईच्या आवाक्यात आणायचा आणि कानाला उसंत द्यायची. मागाच्या खात्यात कापसाचा किंवा सुताचा बोळा कानात कोंबण्याची रीत आहे, त्याने फारसा आवाज अडत नाही. फोमचा बोळा अगदी स्वस्त असतो, पण तो घालण्याची पद्धत कोणी दाखवत नाही. बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी लटकवलेला बोळा निरुपयोगी. नव्या एअरजेट मागांवर धोटा नाही म्हणून आवाज नाही असेही समजू नये, हवेच्या झोताचाही गोंगाट भरपूर असतो. ज्यांचे कान आधीच गेले आहेत त्यांनी मशीन लावावे. ते केसपेशी परत देत नाही, पण ‘साठ’चे ‘आठ’ होणे कमी करते. दादाचे मशीन सध्या पुन्हा कानावर आहे, कुरकुर चालू आहे.

आपल्या वृत्तपत्राचा आमच्या भागात मोठा खप आहे. सायझिंग (सुताला खळ लावण्याच्या) आणि माग कामगारांची श्रवणचाचणी कामाला लागताना एकदा आणि मग दरवर्षी व्हावी, आणि दहा-वीस मागांच्या खात्यांतही आवाज मोजला जावा, हा विषय आपण लावून धरलात तर त्या पुरवणीतल्या अर्ध्या पानाची भरपाई होईल. निदान एवढे तरी करा: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण बंद करू नये, आणि गेलेले ऐकणे उपवासाने परत येत नाही, ही दोन वाक्यांची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर, ठळक अक्षरांत छापा. आतल्या पानावर बारीक टायपात छापलेली दुरुस्ती दादा कापून कपाटाला लावणार नाही.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, इचलकरंजी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. दादाही हाच पेपर वाचतो.)